डब्यापुरतं दिसणं

चालत्या गाडीत बसलेल्या माणसाचा चेहरा हा त्याचा सगळ्यात बिनकामाचा चेहरा. घरी तो कोणाचा तरी बाप असतो, ऑफिसात कोणाचा तरी साहेब. रस्त्याने चालतानाही 'मला घाई आहे' एवढं तरी चेहऱ्यावर वागवावं लागतं. गाडीत जागा मिळाली, पिशवी मांडीवर आली, की पुढचे काही थांबे त्या चेहऱ्याकडे कोणाचंच काही मागणं नसतं. गाल जरा ओघळतात, ओठ सैल पडतात. पन्नाशीच्या बाईच्या तोंडावर एकाएकी तिची परीक्षेच्या दिवसातली धास्ती दिसते, तर कॉलेजातल्या पोराच्या तोंडावर त्याचं पुढचं म्हातारपण. मला या चेहऱ्यांचे फोटो काढायला आवडतात. बसमध्ये, मेट्रोत, रेल्वेच्या डब्यात, जिथे बूड टेकायला मिळेल तिथे. हे चारचौघांत सांगायला हल्ली थोडा धीर गोळा करावा लागतो, कारण ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्यांना विचारून काढतेस का?"

नाही. विचारलं की तो चेहरा जातो. "तुमचा एक फोटो काढू?" म्हटल्याबरोबर माणूस हसतो, केसांवरून हात फिरवतो, पाठ ताठ करतो आणि चारचौघांत न्यायचा चेहरा परत लावून बसतो. तोही फोटो वाईट नसतो, पण त्याचं काम वेगळं. मग न विचारता दुसऱ्याचा चेहरा उचलायची मुभा मला कोणी दिली? 'कला' हे उत्तर इथे तोकडं पडतं. कलेच्या नावाखाली लोकांनी काय काय खपवलंय ते आपण सगळे जाणतो.

खरं तर डब्यात कोणता फोटो मिळणार हे फोटोग्राफरच्या आधी डबा बांधणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. बाकं एकामागे एक असतील तर मिळतात माना, वेण्या, कानामागची पेन्सिल आणि खिडकीच्या काचेत उमटलेला अर्धा चेहरा. बाकं भिंतीला लागून लांबलचक असतील, बहुतेक मेट्रोंमध्ये असतात तशी, तर समोर अख्खी रांग मिळते, जेमतेम दोन मीटरांवर. पस्तीस मिलिमीटरची लेन्स उभी धरली की समोरचा माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत मावतो. आडवी धरली तर तिघं शेजारी शेजारी. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, ५.६ वर ठेवून फोकस दोन मीटरांवर बांधून टाकला, की साधारण दीड मीटरपासून पावणेतीन मीटरांपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. कॅमेरा डोळ्याला लावायचीसुद्धा गरज उरत नाही. मांडीवर ठेवा, खिडकीबाहेर बघा आणि बोट दाबा. इथूनच गोष्ट घसरणीला लागते, पण त्याकडे येते. आधी प्रकाशाबद्दल बोलू द्या, कारण या छंदातला निर्मळ आनंद तिथे आहे.

स्थिर जागी बसून हलता प्रकाश बघायला मिळावा अशा जागा फार नाहीत. गाडी वळणाला लागली की डावीकडच्या रांगेवर असलेलं ऊन सावकाश उठतं, मधल्या मोकळ्या जागेतून सरकतं आणि उजवीकडच्या रांगेवर जाऊन बसतं. ज्यांच्यावरून ते गेलं त्यांचे चेहरे एकदम मिटल्यासारखे होतात. लोखंडी पुलावरून जाताना तुळयांच्या सावल्या चेहऱ्यांवरून इतक्या झपाट्याने पळतात की शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेल्याशिवाय पट्टा पट्ट्याच्या जागी राहत नाही. आणि बोगदा! बोगद्यात शिरल्याबरोबर बाहेरचं जग विझतं आणि काचांचे आरसे होतात. मग एक गंमत घडते. एरवी एकमेकांकडे बघायचं टाळणारी माणसं काचेतून मात्र बिनदिक्कत बघतात. प्रतिबिंबाकडे पाहिलं तर ते पाहणं धरायचं नाही, असं जणू सगळ्यांचं ठरलेलंच असतं. काचेत दोन अनोळखी माणसांची नजर भिडली की दोघंही आपले केस सारखे करायला लागतात.

डब्यातल्या दिव्यांनी मला एक तांत्रिक अद्दल घडवली, ती इथेच सांगते. डोळ्यांना स्थिर दिसणारे बरेचसे दिवे प्रत्यक्षात सेकंदाला शंभर-शंभर वेळा किंवा त्याहून जास्त लुकलुकत असतात. हल्लीच्या कॅमेऱ्यांमध्ये अजिबात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. ते चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचत जातं. दिवा लुकलुकतोय आणि कॅमेरा ओळी वाचतोय, या दोन चालींचा मेळ बसला नाही की फोटोवर काळपट आडवे पट्टे उमटतात. म्हणजे बिनबोभाट फोटो काढायला गेलं की डब्यातला दिवाच चुगली करतो. मी साधं यांत्रिक शटर वापरते. ते खट्‌ करतं. गाडी धावत असताना कोणाला ऐकू जात नाही, पण थांब्यावर मोटर शांत झाली की तो आवाज अख्ख्या डब्यात टाचणी पडल्यासारखा वाजतो. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा. आता तो आवाज मला हवासा वाटतो. का, ते पुढे येईलच.

गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ सालीच नोंदवून ठेवलंय की एकोणिसाव्या शतकात बस, रेल्वे आणि ट्राम आल्या, त्याआधी माणसांवर एकमेकांच्या तोंडाकडे बघत मिनिटंच्या मिनिटं, तासच्या तास मुकाट बसून राहायची पाळी कधी आलीच नव्हती. पूर्वी समोर बसलेल्या माणसाशी बोलणं तरी व्हायचं, नाही तर तो उठून जायचा. डब्यात दोन्ही शक्य नाही. मग माणसांनी आपापसांत एक तडजोड काढली. समोरच्याकडे एकदा बघायचं, 'तू आहेस, कळलं' इतपतच, आणि नजर काढून घ्यायची. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये या सभ्य काणाडोळ्याचं बारकाईने वर्णन केलं. न बघण्यातही एक आदर असतो, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. डब्यातला फोटोग्राफर नेमकी हीच तडजोड मोडतो. बाकीचे नजर काढून घेतात, आणि हा ती ठेवून घेतो.

ठेवून घेण्याची ही युक्ती जुनी आहे. १८८६ च्या सुमाराला स्टर्न कंपनीचा एक चपटा, गोल कॅमेरा निघाला. तो जाकिटाच्या आत छातीवर बांधायचा, भिंग बटणाच्या भोकातून बाहेर काढायचं, खिशातली दोरी ओढायची. एका गोल काचेवर सहा फोटो यायचे. ऑस्लोमध्ये कार्ल स्टोर्मर नावाच्या विद्यार्थ्याने १८९० च्या दशकात हा कॅमेरा छातीला बांधून रस्त्यावरच्या लोकांचे शेकडो फोटो काढले. पुढे तो मोठा गणितज्ञ झाला, ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक म्हणून नावाजला गेला, पण मला त्याचे हे विद्यार्थिदशेतले उद्योगच जास्त प्रिय आहेत. त्या काळातले स्टुडिओतले फोटो आठवा: लाकडासारखी ताठ माणसं, श्वास रोखलेला. स्टोर्मरच्या फोटोंतली माणसं हसतायत, टोपी उचलून नमस्कार करतायत. तो नमस्कार स्टोर्मरला आहे. ओळखीचा पोरगा समोरून आला म्हणून गृहस्थांनी हॅट उचलली. छातीवरच्या भिंगाचा त्यांना पत्ताच नव्हता. शंभरेक वर्षांनी तो नमस्कार मला मिळतो, आणि मला तो घेताना जरा अवघडल्यासारखं होतं.

डब्यातल्या फोटोंचा विषय निघाला की वॉकर इव्हान्स या अमेरिकन फोटोग्राफरला ओलांडून कोणालाच जाता येत नाही. १९३८ ते १९४१ या काळात त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांचे फोटो काढले. थंडीचे दिवस त्याच्या सोयीचे, कारण सगळा खेळ ओव्हरकोटावर. आत ३५ मिलिमीटरचा काँटॅक्स कॅमेरा, त्याचे चकाकणारे भाग काळे रंगवलेले. भिंग कोटाच्या दोन बटणांमधून डोकावणारं. आणि शटरची केबल बाहीतून उतरून तळहातात. चौकटीत काय येतंय ते बघायची काही सोय नाही. फ्लॅश नाही. डब्यातला प्रकाश बेताचा, फिल्म मंद. पुष्कळदा बरोबर हेलन लेव्हिट असायची, जी पुढे स्वतःच फार मोठी फोटोग्राफर झाली. एकट्याने टक लावून बसण्यापेक्षा जोडीने बसलेला माणूस कमी खटकतो, हे आजही खरं आहे.

इव्हान्सने लिहून ठेवलंय की भुयारी रेल्वेत माणसाचा पहारा उठलेला असतो आणि मुखवटा उतरलेला असतो. झोपायच्या खोलीत एकट्याने असतानाही तो इतका उतरत नाही, कारण तिथे आरसे असतात. (बोगद्यातल्या काचा तो विसरला असावा.) सहाशेहून जास्त निगेटिव्ह जमल्या. पण हे फोटो त्याने लगेच पुस्तकात आणले नाहीत. लेखक जेम्स एजीने प्रस्तावना १९४० मध्येच लिहून दिली होती. 'मेनी आर कॉल्ड' हे ८९ फोटोंचं पुस्तक निघालं १९६६ साली, तोवर एजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ही दिरंगाई निव्वळ आळसाची नव्हती. आपण केलेली घुसखोरी उद्धट होती हे इव्हान्सने स्वतःच कबूल केलंय, आणि मध्ये मुद्दाम काळ जाऊ दिल्याने तिची धार थोडी बोथट झाली, असंही म्हटलंय.

त्या पुस्तकात पुष्कळ माणसं थेट माझ्याकडे बघतात. हॅट घातलेला एक गृहस्थ, फरची कॉलर असलेली एक बाई, डोळ्यांत संशय, कंटाळा, कुठे नुसतंच कुतूहल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, यांना कॅमेरा दिसला होता की काय? त्यांना दिसत होता तो समोर बसलेला, कोटातला हडकुळा माणूस. त्यांनी त्याच्याकडे डब्यातल्या माणसाने डब्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. हा बघतोय तर आपणही बघू, इतका सरळ व्यवहार. त्या बघण्यात बरोबरी होती. तो त्यांना दिसत होता तसे ते त्याला दिसत होते, दोघांचेही पाय थकलेले, दोघांनाही कुठेतरी उतरायचं. आता पुस्तक उघडून बसलेली मी त्यांना दिसत नाही. बरोबरी मोडली ती इथे, पान उलटणाऱ्या माझ्या हातात.

विचारून काढला की न विचारता, या वादात लोक फार अडकतात असं मला वाटतं. डब्यात बसलेल्या माणसाने दिसायला हरकत घेतलेली नसते. चाळीस-पन्नास माणसं आपल्याला बघणार हे ठाऊक असूनच तो चढतो. पण ते त्या चाळीस-पन्नास माणसांपुरतं असतं, तेवढ्या वेळापुरतं, आणि बदल्यात त्यालाही ती माणसं दिसतात. कॅमेरा त्याचं ते दिसणं उचलून जे त्या डब्यात नाहीत त्यांच्यासमोर नेऊन ठेवतो. फोटो काढण्याच्या क्षणापेक्षा हे पुढचं नेणं जास्त जोखमीचं आहे.

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणता येत नाही. एकदा बसमध्ये समोरच्या माणसाचा मोबाइल मला विचित्र कोनात दिसला. मेसेज वाचणारा माणूस मोबाइल जरा झुकवून धरतो, साधारण छातीच्या खाली. याचा मोबाइल उभा, सरळ माझ्या तोंडासमोर, आणि त्याचा अंगठा मात्र स्क्रीनवर फिरत नव्हता. हा कोन मला पाठ आहे. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या कोणालाही पाठ असतो. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने साळसूदपणे खिडकीबाहेर बघितलं आणि हात खाली घेतला. त्याने फोटो काढला की नाही, काढला तर कशासाठी, मला कधीच कळणार नाही. माझ्यातलं त्याला काय दिसलं असेल, चेहरा, थकवा, की बाईमाणसाला ज्याची धास्ती सतत असते ते काहीतरी? फोटो काढल्याचा राग मला आला नाही असं नाही, पण तो दोन दिवसांत गेला. 'काढला की नाही' हे न कळणं मात्र अजून बोचतं. आणि मी बाई आहे म्हणून माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचा कोणाला फारसा संशय येत नाही, ही सवलत मी किती आरामात वापरते, तेही तेव्हा जाणवलं.

म्हणून माझा कॅमेरा उघड असतो. गळ्यात, मोठा, दिसेल असा. डोळ्याला लावूनच फोटो काढते आणि शटर खट्‌ करतं. काही चेहरे त्यामुळे हातचे जातात, हे मान्य. तरी लोक समजतात तितके जात नाहीत. पहिल्या दोन थांब्यांत सगळ्यांना कॅमेरा दिसतो, मग त्याचा कंटाळा येतो, आणि तिसऱ्या थांब्याला माणसं पुन्हा आपापल्या विचारांत बुडतात. फरक एवढाच पडतो की ज्याला नको असतं त्याला तोंड फिरवायची संधी मिळते. कोणी हाताने 'नको' केलं की संपलं, आणि काढलेला फोटो पुसायला सांगितलं तर त्याच्यासमोरच पुसते.

हे असं लपूनछपून न करण्याचं धोरण मोठ्यांच्या परंपरेत फारसं बसत नाही, याची मला कल्पना आहे. पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटं पितळी भिंग बसवलं होतं. ते एका दिशेला रोखायचं आणि खऱ्या भिंगाने भलत्याच दिशेचा माणूस टिपायचा. हेलन लेव्हिट तिच्या लायका कॅमेऱ्यावर काटकोनात बघायचं भिंग लावायची, म्हणजे ती बघतेय समोर आणि फोटो निघतोय बाजूचा. ल्यूक दलाएने १९९५ ते १९९७ मध्ये पॅरिसच्या मेट्रोत लपवलेल्या कॅमेऱ्याने समोरच्या प्रवाशांचे चेहरे घेतले आणि 'लोत्र' या पुस्तकात, १९९९ साली, हे फोटो आपण चोरले आहेत असं सरळ लिहून टाकलं. तिथल्या कायद्याने माणसाच्या छबीवर त्याचा स्वतःचा हक्क आहे, तेव्हा ही शब्दशः चोरीच होती. फोटो विलक्षण आहेत. एकाही चेहऱ्यावर काही घडत नाही आणि नजर हलत नाही. चांगलं काम आणि चांगलं वागणं यांची सांगड प्रत्येक वेळी असतेच असं नाही, आणि मला त्यांची सांगड घालून दाखवायचीही नाही.

उघडपणाने काय मिळू शकतं ते बघायचं तर ब्रूस डेव्हिडसन बघावा. १९८० मध्ये तो त्याच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत उतरला, पण इव्हान्सच्या अगदी उलट पद्धतीने: रंगीत फिल्म, गळ्यात कॅमेरा आणि फ्लॅश. त्या वर्षांत ती रेल्वे धोक्याची म्हणून बदनाम होती, डबे रंगाच्या फवाऱ्यांनी आतबाहेर रंगवलेले. रात्रीबेरात्री तिथे उतरायचं म्हणून त्याने आधी व्यायाम करून अंग कमावलं. बरोबर स्वतःच्या फोटोंचा छोटा अल्बम ठेवायचा; कोणी खवळलं तर तो अल्बम पुढे करून आपण काय करतोय ते दाखवायचा. कधी आधी विचारायचा, कधी नंतर. एकदा त्याला लुटलंही. फ्लॅशचा लखलखाट झाला की डब्यातल्या कोणाला काही कळायचं बाकी राहत नाही. त्याच्या फोटोंतली माणसं त्याला उत्तर देतात, कधी रोखून बघून, कधी एकमेकांना अधिकच बिलगून. इव्हान्सच्या फोटोंत मला माणसाचं आतलं दिसतं आणि डेव्हिडसनच्या फोटोंत दोन माणसांमधलं. पूर्वी मी पहिल्याला वरचा दर्जा देत होते. आता तितकी खात्री नाही.

झोपलेल्या माणसांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. डब्यातल्या फोटोंत सगळ्यात लाडका विषय तोच: शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडलेलं डोकं, उघडं तोंड, हातातून निसटत चाललेली पिशवी. सगळ्यात सोपाही तोच, कारण झोपलेला हलत नाही आणि अंगावर येत नाही. बघणाऱ्याला त्यात कष्टकऱ्यांचा थकवा दिसतो, निरागसपणा दिसतो, वाहवा मिळते. पण जो माणूस उलटून बघूच शकत नाही त्याच्याकडे हवं तितका वेळ बघायचं, आणि वर त्याला कणव म्हणायचं, हे मला पटत नाही. झोपलेल्याच्या वाटचं बघणं शून्य असतं. मी झोपलेल्यांचे फोटो काढत नाही. सोबतचे यावर मला सोवळी म्हणतात. म्हणोत.

मायकेल वुल्फच्या फोटोंनी माझी अशीच पंचाईत केली. टोकियोत एका स्टेशनाच्या फलाटावर उभं राहून त्याने गच्च भरलेल्या डब्यांच्या काचांवर दाबले गेलेले चेहरे टिपले. काचेवर श्वासाची वाफ, तिच्यातून ओघळणारे थेंब, त्यामागे चेपलेला गाल. २०१० मध्ये त्याचं पुस्तक आलं. गर्दीच्या वेळच्या प्रवासाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आत अडकलेला माणूस हलू शकत नाही, तोंड फिरवायलाही जागा नाही. कोणी डोळे मिटून घेतलेत, कोणी तळहात काचेवर आडवा धरलाय. रस्त्यावरचा माणूस निदान चालू लागतो. डब्यातल्याला पुढच्या थांब्यापर्यंत ती सोय नसते, आणि वुल्फच्या काचेमागच्याला तर मुळीच नाही. डोळे मिटणं ही त्याच्या हातात उरलेली एकमेव हरकत आहे, आणि फोटोत तीच सगळ्यात सुंदर दिसते. त्या पुस्तकाचं कौतुक करताना माझी जीभ दर वेळी थोडी अडखळते.

कायद्याकडे वळावं तर तिथे एकवाक्यता नाही. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता एका कलाविषयक मासिकात छापला गेला. शाळासोबत्यांनी तिची टर उडवली, ती कोर्टात गेली, आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मिळालेली दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. उलट न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डीकोर्शियाने टाइम्स स्क्वेअरमध्ये लपवलेल्या फ्लॅशने आणि लांब लेन्सने वाटसरूंचे चेहरे घेतले, त्यातल्या एका धार्मिक गृहस्थाने दावा लावला, आणि २००६ मध्ये न्यायालयाने कलाकाराच्या बाजूने निकाल दिला. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज सहसा बंदच करता येत नाही. तसा कायदा नाही, गर्दीत बायकांचे चोरून घाणेरडे फोटो काढले जातात म्हणून कंपन्यांनीच हा पायंडा पाडला. दक्षिण कोरियातही हा आवाज ठरावीक पातळीच्या वर ठेवण्याचा दंडक आला. माझ्या खट्‌ची बाजू घेणारे दोन देश तरी आहेत.

आता मोबाइलचा दुसरा परिणाम. इव्हान्सच्या डब्यात माणसं वर्तमानपत्र वाचत होती किंवा समोर बघत होती. आज समोरच्या रांगेतले जवळपास सगळे मान खाली घालून, हनुवटीखालून येणाऱ्या निळसर उजेडात. फोटो काढणाऱ्याला इतकी मोकळीक कधीच नव्हती. कोणी वर बघतच नाही. आणि तरीही फोटो एकसारखे येतात, कारण सुरुवातीला सांगितला तो बिनकामाचा चेहरा आता गाडीत फारसा सापडत नाही. स्क्रीनकडे बघणारा चेहरा कामात असतो, कोणाला तरी उत्तर देत असतो, कोणावर तरी हसत असतो, ते कोणीतरी फक्त डब्यात नसतं. रेंज गेली की दोन मिनिटं तो जुना चेहरा परत येतो. म्हणून मी बोगद्यांची वाट बघते.

राहता राहिला इव्हान्सचा उतारा: काळ जाऊ द्यायचा. पंचवीस वर्षं गेल्यावर त्या हॅटवाल्या गृहस्थाला कोण ओळखणार होतं? आज हे गणित बसत नाही. चेहऱ्यावरून माणूस शोधणारी यंत्रणा जुन्या फोटोतल्या चेहऱ्यालाही आजच्या नावाशी नेऊन जोडू शकते. माणूस विसरला तरी ती विसरत नाही, आणि फोटो जितका स्पष्ट तितकं तिचं काम सोपं. म्हणजे काळ आता आपणहून धार बोथट करत नाही, आणि आज नेटवर टाकलेला चेहरा मी उद्या परत घेऊ शकत नाही.

त्यामुळे डब्यातले फोटो मी नेटवर टाकत नाही. कागदावर छापते, छोटे, पोस्टकार्डाएवढे, आणि हातात देऊन दाखवते. ज्याला दाखवते त्याचा चेहरा मला दिसतो, तो कुठे थांबतो, कुठे हसतो ते कळतं, आणि तो मोबाइल काढून फोटोचा फोटो घ्यायला लागला तर थांबवता येतं. वर्षभरात हे फोटो बघणारी माणसं एका डब्यात मावतील इतकीच असतात. माझी एक मैत्रीण यावर चिडते. ती म्हणते, इव्हान्सने असं केलं असतं तर तुला इव्हान्स माहीत झाला असता का? नसता झाला. स्टोर्मरचा नमस्कारही माझ्यापर्यंत आला नसता. तिच्या या मुद्द्याला माझ्याकडे तोड नाही. तिने परवा पुन्हा विषय काढला तेव्हा मी तिच्या हातात नवा गठ्ठा ठेवला. तिने तो दोनदा पाहिला आणि तिसऱ्या फोटोतली बाई नक्की कुठे उतरली असेल यावर आम्ही पुढचा अर्धा तास भांडलो.